सायकलचे हँडल आणि लेकराचे पोट

शाळा सुरू व्हायची वेळ झाली की आपल्या वस्त्यांमध्ये जुन्या सायकली बाहेर निघतात. थोरल्या भावाची धाकटीला, मामाकडची भाच्याला. काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून नवी सायकल मिळते, पण दोन पावसाळ्यांत तीही जुनी होतेच. आईबाबा हवा बघतात, ब्रेक बघतात. हँडलकडे कोणी बघत नाही. काटोलला शाळा सुटताना रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा, मुठी नसलेली किती हँडले दिसतात ते मोजा.

मी वॉर्डात ड्यूटीवर असताना एका रात्री नऊ-दहा वर्षांच्या पोराला आणले होते. दुपारी सायकलवरून पडला होता. पोटावर डावीकडे रुपयाएवढा गोल वळ, बस. पडल्यावर रडला, उठला, घरी जाऊन जेवलाही. संध्याकाळी पांढराफटक पडला. पोटात प्लीहा फाटली होती. पोर वाचले, पण थोडक्यात.

असे का होते? पडताना पुढचे चाक आडवे फिरते. हँडलचे एक टोक जमिनीवर टेकते आणि दुसरे पोटाकडे येते. टोकाला रबरी मूठ नसेल तर ती उघडी लोखंडी नळीच असते. लहान मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ. मार सरळ आत जातो आणि यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडे मागच्या मणक्यावर चेपले जाते. वरून कातडी फाटलेली नसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

तेव्हा पहिले काम मुठीचे. सायकलच्या दुकानात जोडी थोडक्या पैशांत मिळते. टोक बंद असलेलीच घ्या, आणि ओढून, पिळून बघा. सहज निघाली तर ती नसल्यासारखीच. बसवताना तेल लावू नका, ते वाळत नाही आणि मूठ फिरत राहते.

दुसरे, हँडलचा उभा दांडा, ज्याला दुकानदार स्टेम म्हणतात. तो चिमट्याच्या नळीत उतरलेला असतो, आणि वरचा लांब बोल्ट आवळला की आतली गुटली नळीला घट्ट धरते. पोर उंच झाले की आपण दांडा वर ओढतो. त्यावर आडव्या रेघांची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर निदान अडीच इंच दांडा आत राहू द्या. त्यापेक्षा वर घेतलेला दांडा चालत्या सायकलवर मोडतो किंवा उपसून हातात येतो. आणि लोखंडी काड्यांचे ब्रेक असतील तर हँडल वर-खाली केल्यावर ब्रेक पुन्हा लावून घ्या. हे हमखास विसरले जाते.

परीक्षा सोपी आहे. समोर उभे राहून पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल जोराने फिरवा. चाक जागेवर राहून हँडल फिरले तर बोल्ट ढिला आहे. मग दोन्ही मुठींवर भार टाका. हँडल खाली झुकले तर आडवी नळी धरणारा बोल्ट आवळा.

नवे हँडल घेताना जुने सोबत न्या. मधल्या भागाची जाडी स्टेमच्या मापाचीच हवी. पत्र्याची पट्टी घालून कोणी बसवून देत असेल तर नको म्हणा, मग तो दुकानदार ओळखीचा का असेना. रुंदी मुलाच्या खांद्यांएवढी. उंची साधारण शिटएवढी किंवा थोडी वर, कोपर जरा वाकलेले. वळताना गुडघा हँडलला लागू नये. रोज करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहातावर भार जास्त पडतो आहे, हँडल थोडे वर घ्या. गिअरच्या बऱ्याच सायकलींत वरची टोपी आवळून हँडल घट्ट होत नाही. बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावे लागतात.

आपल्या विहाराच्या पटांगणात रविवारी वंदनेनंतर एक पाना असला तरी वस्तीतल्या सगळ्या सायकली तासाभरात तपासून होतील.

एवढे करूनही हँडल पोटात लागलेच तर मूल हसत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटदुखी वाढणे, हिरवी उलटी, डाव्या खांद्यात दुखणे, चक्कर, घाम, फिकेपणा, लघवीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा. खायला-प्यायला देऊ नका, पोट चोळू नका, शेकू नका. दोन दिवस लक्ष ठेवा, कारण आतड्याची सूज उशिरा कळते. आणि दवाखान्यात “सायकलवरून पडला” एवढेच सांगू नका. “हँडल पोटात लागले” असे सांगा आणि वळ दाखवा.