फ्लॅटमधली मोटार आणि तीन बादल्या पाणी



ऊस विकास अधिकाऱ्याने मोटार धुण्यावर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. बेणे बदल, खोडवा व्यवस्थापन, पाचट कुजवणे, हुमणीचा बंदोबस्त हे आमचे नेहमीचे विषय. पण हल्ली शिवारफेरीत उसाचे बोलणे संपले आणि चहा यायला वेळ असला, की निरनिराळ्या गावांत एकच प्रश्न कानावर येतो. पोरांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात फ्लॅट घेतला आहे. सूनबाई आणि नातवंडे तिथे, म्हातारी माणसे गावी. रविवारी गाडी गावाकडे येते, मळ्यात फिरते, चिखलाने माखून परत जाते. आणि सोमवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये ती धुवायला काढली, की सोसायटीत कुरबुर सुरू. पाण्याची, ओल्या फरशीची, शेजारच्या गाडीवर उडालेल्या शिंतोड्यांची. मग काहीजण गाडी गावाकडेच, नदीच्या घाटावर उतरवून धुतात. ते तर आणखी वाईट.

आमचे म्हणणे असे की, तीन बादल्या पाण्यात गाडी स्वच्छ होते, रंगाला ओरखडा पडत नाही आणि भांडणही होत नाही. फक्त पद्धत बदलली पाहिजे.

आधी पाण्याचा हिशोब पाहू. अर्ध्या इंची नळीला चांगला दाब असेल, तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. नळी चालू ठेवून वीस मिनिटे गाडी धुतली, तर दोनशे ते तीनशे लिटर झाले. शहरात माणशी रोजच्या पाण्याचे प्रमाण १३५ लिटर धरतात. म्हणजे दोन माणसांचे दिवसभराचे पाणी एका गाडीवरून वाहून गेले. २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचे पाणी कोल्हापुरात आले म्हणून शहरातल्या काहींना वाटते, आता पाण्याला काय तोटा? पण धरणाचे पाणी म्हणजे आपल्याच भागाच्या वाट्याचे पाणी, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. २०२४ च्या मार्च महिन्यात बेंगळुरूत टंचाई इतकी वाढली, की तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठरवला. आपल्याकडे ती वेळ आलेली नाही. पण शेतात अनुदान घेऊन ठिबक बसवायचे आणि पार्किंगमध्ये पाट पाणी सोडायचे, हे काही बरे दिसत नाही.

आता रंगाकडे वळू. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक, चकचकीत थर असतो. तो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. गाडी उन्हात धरली की गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात ना, त्या या थरावरच्या. त्या पाण्याने पडत नाहीत, घासण्याने पडतात. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच. पहाटे एकच बादली आणि एकच फडके घेऊन ओळीने पंधरा-वीस गाड्या पुसल्या जातात, तिथेही हेच घडते. पुसणाऱ्या गड्याचा यात दोष नाही. त्याला जे दिले त्यानेच तो पुसणार. त्याला आपले स्वतंत्र कापड द्यावे आणि आधी पाणी मारायला सांगावे.

आपल्या सभासदांच्या गाड्यांना आणखी एक गोष्ट लागू आहे, ती शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या परिसरात उभ्या केलेल्या गाडीवर बारीक काळी राख बसते. बगॅसच्या राखेत निम्म्याहून जास्त भाग सिलिकाचा असतो. उसाचे पान हाताला का कापते? त्याच सिलिकामुळे. बॉयलरमध्ये बगॅस जळतो, पण सिलिका जळत नाही, ती राखेबरोबर वर जाते आणि आपल्या बॉनेटवर येऊन बसते. दिसायला ती काजळीसारखी मऊ, पण कोरडी पुसली तर काचकागदाचे काम करते. म्हणून हंगामात गाडी कधीही कोरडी पुसू नये. पन्हाळा-गगनबावड्याकडची तांबडी माती आणि शिरोळकडची काळी माती यांचेही तसेच. काळी माती वाळली की घट्ट धरते. ती नखाने किंवा काथ्याने खरवडू नये, भिजवावी.

भिजवण्यासाठी आपल्या घरातच उत्तम साधन आहे, ते म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप! सोळा लिटरचा बॅटरीवरचा पंप आणि त्याचा बारीक फवारा. पण थांबा. शेतातला वापरलेला पंप चालणार नाही. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप कितीही वेळा धुतला तरी नळीत आणि नोझलमध्ये अंश राहतो. तो फवारा पार्किंगमध्ये मारायचा, जिथे लहान मुले चेंडू खेळतात, हे अजिबात करू नये. पंप नवाच घ्यावा, त्यावर रंगाने ‘गाडी’ असे ठळक लिहावे आणि तो फ्लॅटवरच ठेवावा. गावी नेला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यात औषध कालवलेच म्हणून समजा.

पद्धत अशी. गाडी सावलीत आणि थंड असावी. नुकतीच चालवून आणली असेल तर अर्धा तास थांबावे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग धरतो. पंपातले निम्मे पाणी टपापासून खालपर्यंत फवारून पाच-दहा मिनिटे सोडून द्यावे. माती फुगते आणि बरीचशी आपोआप खाली येते. चिखल जास्त असेल तर पुन्हा एकदा फवारावे. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिले असेल तेवढा कार शाम्पू, दुसरीत नुसते साधे पाणी. मायक्रोफायबरचे कापड किंवा हातमोजा शाम्पूत बुडवून वरून खाली, सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवायचा. एक दरवाजा झाला की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यायचा, मगच पुन्हा शाम्पूत. असे केल्याने वाळू दुसऱ्या बादलीत राहते, परत गाडीवर येत नाही. काम झाल्यावर त्या बादलीचा तळ बघा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते पटेल. चाके आणि खालची बाजू सर्वांत शेवटी, आणि त्यासाठी कापड वेगळे. चाकांवर ब्रेकची लोखंडी पूड असते, ते कापड पुन्हा पत्र्याला लावू नये. पंपातल्या उरलेल्या पाण्याने गाडी खंगाळावी आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावी. बोअरचे पाणी असेल तर टिपण्यात हयगय नको. क्षाराचे पाणी वाळले की काय होते, हे शिरोळ तालुक्यातल्या सभासदांना जमिनीवरून ठाऊक आहे. काचेवरही तसेच पांढरे ठिपके उठतात.

सगळे मिळून छत्तीस-सदतीस लिटर पाणी झाले. नुसती धूळ असेल तर एका बादलीतही भागते. हल्ली न खंगाळता धुण्याचे द्रावण मिळते, आठ लिटर पाण्यात साधारण तीस मिलि. घालायचे, त्यात भिजवलेल्या कापडाने पुसायचे आणि कोरडे करायचे. मात्र चिखलाच्या गाडीवर हा प्रयोग करू नये.

धुण्याची पावडर वापरू का, असे पुष्कळजण विचारतात. नको. धुण्याची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते. जमिनीचा सामू वाढला की पीक कसे पिवळे पडते ते आपण बघतो. गाडीवर तिने मेणाचा थर निघून जातो आणि रबराच्या पट्ट्या कडक होतात. रॉकेल आणि पेट्रोल तर बंद पार्किंगमध्ये उघडूच नये. एक ठिणगी पुरते. डांबराचे ठिपके असतील तर थोडे गोडेतेल लावून पाच मिनिटांनी पुसावे. टँकरमागून उडालेल्या मळीला तेही नको, कोमट पाण्याचे ओले फडके दहा मिनिटे ठेवले की ती विरघळते.

विजेची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बहुतेक इमारतींत मीटरच्या पेट्या खालच्या पार्किंगमध्येच असतात आणि पाण्याच्या मोटरचा स्टार्टरही तिथेच. शेतातल्या ओल्या स्टार्टरने किती घरे उजाड झाली, हे आपल्या भागात कोणाला माहीत नाही? पार्किंगमध्येही वीज तीच आहे. गाडी पेट्यांपासून लांब घ्यावी, फवारा त्या दिशेला धरू नये. प्रेशरचे मशीन तासाला तीनशे-चारशे लिटर पाणी फेकते, म्हणजे ते नळीपेक्षा कमी पाणी घेते हे खरे, पण त्यासाठी वरच्या मजल्यावरून लोंबती वायर आणि ओल्या फरशीवर जोडबोर्ड, हा प्रकार आम्ही स्वतः पाहिला आहे. अर्थिंग असलेला तीन पिनांचा पॉइंट आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवलेले नसेल, तर मशीन लावूच नये. अनवाणी तर मुळीच उभे राहू नये. आणि काम झाल्यावर फरशी खराट्याने निपटून कोरडी करावी. साबणाच्या फरशीवर घसरून वरच्या मजल्यावरची आजी पडली, तर गाडीची चमक काय कामाची?

राहिले घाण पाणी. हा सभासदांच्या थेट हिताचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पार्किंगमधली गटार बहुधा पावसाच्या पाण्याची असते. ती नाल्याला मिळते. कोल्हापुरात तो नाला जयंती असो वा दुधाळी, शेवट पंचगंगेतच. नाल्याचे पाणी अडवून, उपसून शुद्धीकरण केंद्राकडे नेतात, पण पावसात नाला बंधाऱ्यावरून वाहू लागला की ते सरळ नदीत जाते. आणि खाली रुकडी, इचलकरंजी, शिरढोण, तेरवाडपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत त्याच नदीवर आपल्या उपसा योजना आहेत, गावांच्या पाणी योजना आहेत. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ येऊन अनेक बळी गेले, ते विसरण्यासारखे नाही. नदीच्या प्रदूषणाबद्दल साखर कारखान्यांकडेही बोट दाखवले जाते, आणि ते बोट दिसत नाही असा आव आम्ही आणणार नाही. एका गाडीच्या साबणाने नदी मरत नाही, हेही खरे. पण साबण, तेल आणि ब्रेकची पूड हजारो गाड्यांवरून रोज उतरते. जर्मनीत कित्येक गावांमध्ये रस्त्यावर गाडी धुवायला मनाई आहे, ती याच कारणाने.

तेव्हा बादल्यांतले साबणाचे पाणी पार्किंगच्या गटारात ओतू नये. दहा मिनिटे निवळू द्यावे, वरचे पाणी संडास-बाथरूमच्या नळात ओतावे, ते सांडपाण्याच्या वाहिनीने जाते. तळातली वाळू कचऱ्यात टाकावी. इमारतीत पाऊसपाणी जिरवण्याचा खड्डा असेल तर जास्तच जपावे, कारण त्यात गेलेला साबण आपल्याच बोअरमध्ये उतरतो.

गावी धुवायची असेल तर घाटावर आणि विहिरीच्या काठावर नको. रंकाळ्यानजीकच्या ‘धुण्याची चावी’ या जागेचे नावच सांगते की धुण्याला वेगळी जागा असावी, हे जुन्या माणसांना कळत होते. शेताच्या कडेला, विहिरीपासून लांब, पाणी जमिनीत मुरेल अशा पडीक तुकड्यावर गाडी उभी करावी. जाड चिखल तिथेच साध्या पाण्याने काढून टाकला, की शहरात दोन बादल्यांचेच काम उरते. आमच्या मते रविवारी निघण्यापूर्वीची ही दहा मिनिटे सर्वांत उपयोगाची.

महापुराबद्दल दोन शब्द. २०१९ आणि २०२१ साली शहरातल्या कित्येक पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. सखल भागात राहणाऱ्यांनी ३९ फुटांची बातमी ऐकताच गाडी वर काढावी. बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नये. बॅटरीची तार सोडवून गाडी ओढूनच मेकॅनिककडे न्यावी. बाहेरचा गाळ मात्र ओला असतानाच धुवावा.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच रात्रभर उभी करून ठेवू नये. ब्रेकच्या चकत्या ओल्या राहिल्या तर सकाळपर्यंत त्यांवर गंज येतो. सोसायटीच्या आवारात एक हळू फेरी मारून दोन-तीन वेळा ब्रेक दाबावा, आणि मगच तिच्या जागी लावावी.