छोट्या विमानावरचे चिन्ह : स्क्रीन छपाईच्या कारागिरांसाठी एक बारीक काम

पनवेल तालुक्यातील नव्या विमानतळावर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ विमान उतरले आणि सुखोई-३० धावपट्टीच्या वरून उडत गेले. लढाऊ विमानांचे आकर्षण लहानथोरांना असते. मात्र या आकर्षणावर छपाईचा एक स्वतंत्र धंदा चालतो, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती बनविण्याचा छंद जगभर आहे. जपानची तामिया व हासेगावा, ब्रिटनची एअरफिक्स अशा कंपन्या हे संच विकतात. खोक्यात भागांबरोबर चिन्हांचा एक कागद येतो. त्याला डेकल म्हणतात. त्यावर बहुधा मोजक्याच विमानांची चिन्हे असतात, आणि कागद जुना झाला की पिवळा पडतो, चिरतो. ज्याला भारतीय हवाई दलाचे एखादे ठरावीक विमान बनवायचे असेल, त्याला वेगळा कागद विकत घ्यावा लागतो. असे सुटे कागद छापून विकणे, हाच तो धंदा.

आपल्याकडे विषयांची कमतरता नाही. मिग-२१ हे १९६३ साली हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने तयार होत असत. सुखोई-३० एमकेआय पुण्याच्या लोहगाव तळावर सप्टेंबर २००२ मध्ये दाखल झाले.

कागद कसा बनतो?

जुन्या सायकलच्या नळीवरील नाव किंवा कपबशीवरील फुले ज्या जातीच्या कागदावरून उतरत, तोच हा प्रकार. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थर असतो. त्यावर स्क्रीनने एकेक रंग छापतात आणि पारदर्शक लॅकरचा पातळ पापुद्रा देतात. तुकडा कापून अर्धा-एक मिनिट पाण्यात भिजवला की गोंद सुटतो आणि चिन्ह सरकवून विमानावर बसवता येते. विमानाचा रंग खरखरीत असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा हात देतात.

हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. केशरी शाई सरळ राखाडी विमानावर बसली तर मळकट दिसते. त्यामुळे सर्वांत खाली पांढऱ्याचा दाट थर लागतो. घरगुती इंकजेट यंत्रात पांढरी शाई नसते. याच ठिकाणी स्क्रीन छपाईचा हुन्नर कामाला येतो.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

आम्ही कापडवाले आहोत. छापील मालात फूल एकीकडे आणि त्याची कड दुसरीकडे गेली की तागा सेकंडमध्ये निघतो, हे आम्ही जाणतो. येथे हिशेब त्याहून कडक आहे. मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. १:७२ या प्रमाणात ती जेमतेम १० सेंटिमीटर होते. खऱ्या विमानावरील ६० सेंटिमीटरचे गोल चिन्ह सव्वाआठ मिलिमीटरचे होते. त्यात एक रंग अर्धा मिलिमीटर सरकला, तर खऱ्या विमानावर तो ३६ मिलिमीटर सरकल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक भिंग लावून पाहणारे असते. म्हणून जाळी कापडाच्या छपाईपेक्षा पुष्कळ बारीक हवी, फ्रेम ताठ हवी आणि कागद ओलसर हवेत फुगू देता कामा नये. पनवेलच्या पावसाळ्यात हे शेवटचे काम सर्वांत कठीण.

नफा-तोट्याचा विचार

प्रत्येक रंगाला एक फ्रेम. म्हणजे पांढरा, केशरी, हिरवा, काळा आणि लॅकर मिळून पाच फ्रेम. समजा, रेखाटन, फिल्म व फ्रेम यांना ६,००० रुपये लागले. २०० कागद विकले तर हा बोजा कागदामागे ३० रुपये पडतो, ५० विकले तर १२० रुपये. कागद, शाई व मजुरी वेगळी. गिऱ्हाईक थोडे, पण देशोदेशी पसरलेले. माल हलका असल्याने टपालाने पाठवता येतो. हा धंदा एकट्याने पोट भरणारा नाही. लग्नपत्रिका व स्टिकरच्या कामाला जोड म्हणून तो बरा.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. दुसऱ्याचा कागद स्कॅन करून छापणे ही चोरी आहे. आकृती स्वतः, खऱ्या विमानाची छायाचित्रे पाहून काढावी. दुसरे, राष्ट्रीय चिन्हांच्या व्यापारी वापरावर १९५० च्या कायद्याने बंधने आहेत. तेव्हा छापण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

फ्लेक्सची यंत्रे आल्यावर पाट्या रंगविणाऱ्या कितीतरी हातांचे काम गेले. ढोबळ काम यंत्राकडे जाते, तेव्हा कारागिराने बारीक कामाकडे वळावे. ज्यांच्याकडे फ्रेम आणि सवड आहे, त्यांनी एकच छोटा कागद छापून पाहावा. तो स्वतः पाण्यात भिजवून, प्रतिकृतीवर बसवून, भिंगाखाली तपासावा. तेथे टिकला तरच बाजारात न्यावा.