औषध गाभ्यापर्यंत पोचतं का?

मॅट्रिजेलची कुपी बर्फातून बाहेर काढली की हात भराभर चालवावे लागतात. हा जेल गारठ्यात पातळ राहतो आणि उबेला आला की गोठतो, म्हणून पिपेटची टोकंसुद्धा आधीच फ्रीजमध्ये गार करून ठेवलेली असतात. संशोधिका त्यात कर्करोगाच्या पेशी मिसळते आणि ते मिश्रण चिपच्या बारीक भोकातून अगदी सावकाश आत सोडते. जोर जास्त झाला तर जेल शेजारच्या नलिकेत घुसतो आणि ती चिप टाकूनच द्यावी लागते.

चिप म्हणजे काचपट्टीवर चिकटवलेला पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा. पीडीएमएस नावाच्या या रबरात दहाला एक या प्रमाणात घट्ट करणारं रसायन घोटतात, निर्वात भांड्यात ठेवून त्यातले बुडबुडे काढतात, मग साच्यावर ओतून ओव्हनमध्ये तापवतात. साच्यावरून सोलून काढलं की त्यात केसासारख्या बारीक नलिका उमटलेल्या दिसतात.

जळगावच्या शेतकऱ्याला पुढचं समजायला ठिबकचा संच आठवला तरी पुरे. लॅटरलमधून पाणी मुळाशी जातं, तसा पंपातून गुलाबी पोषकद्रव या नलिकांतून पेशींपर्यंत झिरपत राहतो. ड्रिपर तुंबला की रोप सुकतं. इथे हवेचा एक बुडबुडा अडकला तरी पुढच्या पेशी उपाशी मरतात. इन्क्युबेटरमध्ये तापमान ३७ अंश आणि कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. काही दिवसांत विखुरलेल्या पेशींचे गोळे बनू लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? सपाट बशीत पेशींचा एकच थर असतो आणि औषध प्रत्येकीला सारखंच भिजवतं. गाठीत तसं होत नाही. ऑक्सिजन साधारण १०० ते २०० मायक्रॉन आत जाईपर्यंत संपत येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या गोळ्यातही बाहेरच्या पेशी भराभर वाढतात, आतल्या मंदावतात आणि गाभा मरू लागतो. विभाजन होणाऱ्या पेशींवर घाव घालणारी औषधं या मंदावलेल्या पेशींवर कमी पडतात. बशीत यशस्वी ठरलेलं औषध पुढे रुग्णाच्या शरीरात हरतं, त्याचं एक कारण चिपमध्ये डोळ्यांनी पाहता येतं: रंग दिल्यावर जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल, आणि औषध दिल्यावरही आत तग धरून असलेलं हिरवं कडं.

महाराष्ट्राला पेशी वाढवण्याचं हे काम नवं नाही. पेशीशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. कर्करोगाच्या प्रसिद्ध हेला पेशी १९५१ मध्ये वाढल्या त्या याच प्रयोगशाळेत. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. पुढे मुंबईच्याच संशोधकांनी तोंडाच्या गाठींपासून चार सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशींचे वंश, तयार केल्या आणि १९९० मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. एडब्ल्यू १३५१६ ही त्यांतलीच एक, जिभेच्या कर्करोगाची.

आपल्याकडच्या गाठींपासून वाढवलेल्या अशा पेशी खानदेशाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुन्याची गोळी गालात दाबून ठेवायची सवय गेलेली नाही. ती जिथे दाबतात, तिथेच, गालाच्या आत आणि हिरडीवर, आपल्याकडे कर्करोग जास्त दिसतो. पाश्चात्त्य देशांत विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे. तिकडच्या गाठींवर पारखलेलं औषध धुळ्या-जळगावच्या रुग्णाला तसंच लागू पडेल असं गृहीत धरणं बरोबर नाही. चिपमध्ये आपल्या माणसांच्या गाठी वाढायलाच हव्यात.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरच्या चाचण्यांना पर्याय म्हणून चिपसारख्या पद्धतींना जागा दिली. अडचणी मात्र आहेत. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासूनच बनतो, म्हणजे प्राणी पूर्ण सुटलेला नाही. पीडीएमएस काही तेलकट औषधं स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे पेशींपर्यंत नेमकी किती मात्रा पोचली हे वेगळं मोजावं लागतं. शस्त्रक्रियेतून आलेला प्रत्येक तुकडा चिपमध्ये रुजतोच असंही नाही. रुजला तरी उत्तर मिळेपर्यंत रुग्णाचे उपचार थांबवता येत नाहीत, म्हणून रुग्णाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर आज चिप पाहून ठरवत नाहीत. सध्या तिचा मुख्य उपयोग त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे: गाभ्यापर्यंत न पोचणारी औषधं रुग्णावर वापरून पाहण्याआधीच बाजूला काढण्यासाठी.