हंगामाआधी कॅलेंडर

पावसाळ्यात मालवण-तारकर्लीची स्कूबा आणि बोटी बंद असतात. होमस्टेवाल्यांनी स्वतःच्या वेबसाइटची डागडुजी करायची ती तेव्हाच, दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत. बहुतेक जण नव्या फोटोंपासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिलं काम कॅलेंडरचं. वेबसाइटवरची खोली एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमवरही असते आणि आयकॅल दुव्याने जोडलेली कॅलेंडरं लगेच जुळत नाहीत, कधी काही तास जातात. ३१ डिसेंबरची एकच खोली दोघांना विकली जायला तेवढा वेळ पुरे. म्हणून गर्दीच्या तारखांना वेबसाइटवर ‘मालकाच्या होकारानंतर पक्कं’ अशी सोय ठेवावी, दर आणि रद्द करण्याचे नियम त्याच पानावर द्यावेत. गणपतीत घरचेच चाकरमानी येणार असतील तर त्या खोल्या आधीच बंद दाखवाव्यात. हे हमखास विसरलं जातं.

होकाराची वाट पाहताना गिऱ्हाईक निसटेल, हा आक्षेप खोटा नाही. पण फोन हाताशी असेल तर उत्तर अर्ध्या तासात देता येतं, आणि सामान घेऊन दारात उभ्या कुटुंबाला परत पाठवण्यापेक्षा एखादं गिऱ्हाईक गेलेलं स्वस्त पडतं. शिवाय थेट बुकिंगवर मध्यस्थाचं कमिशन वाचतं, त्यातून थोडी सूट देऊन तो थांबलेला पाहुणा राखता येतो.