खुबा बदलला, पण टिकणार किती?

खुब्याचं ऑपरेशन ठरलं की नातेवाईक डॉक्टरांना पहिल्यांदा खर्च विचारतात आणि लगेच, "किती वर्षं टिकेल?" या दुसऱ्या प्रश्नामागे इंग्लंडमधल्या विगन गावाजवळच्या राइटिंग्टन इस्पितळाची मोठी मेहनत आहे. क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या या इस्पितळात सर्जन जॉन चार्नली यांनी आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घातला.

त्यांचा विचार साधा होता. मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवायची, तिच्या टोकाला छोटा गोळा ठेवायचा आणि कमरेच्या हाडात त्या गोळ्यासाठी गुळगुळीत वाटी. गोळा लहान, म्हणजे घर्षण कमी. त्यांनी ठरवलेला व्यास होता २२.२२५ मिलिमीटर. वाटीसाठी १९५८ पासून टेफ्लॉन वापरलं, कारण त्याच्याइतकं निसरडं दुसरं काही हाताशी नव्हतं. पेशंट वेदनेशिवाय चालू लागले. दोन-तीन वर्षांत मात्र वाट्या झिजून खोल गेल्या आणि झिजलेल्या भुकटीने सांध्याभोवती सूज धरली. अशा पेशंटांची संख्या तीनशेच्या घरात होती. चार्नलींनी त्यांची जबाबदारी झटकली नाही, एकेकाचा खुबा पुन्हा उघडून दुरुस्त करत राहिले.

वाट मोकळी झाली ती वर्कशॉपमध्ये. यंत्रमागाची दातेरी चाकं ज्या प्लास्टिकची बनत, त्याचा नमुना एका विक्रेत्याकडून आला होता. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि हे काही कामाचं नाही, म्हणून सोडून दिलं. ते दौऱ्यावर गेल्यावर तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो तुकडा घासण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढाही तो झिजला नाही. चार्नलींनी परतल्यावर मत बदललं. पण आधी टेफ्लॉन आणि हे नवं पॉलिइथिलीन, दोन्हींची भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. नव्या वाट्या नोव्हेंबर १९६२ पासून बसू लागल्या. क्रेव्हन यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॉलिइथिलीनही झिजतंच, फक्त फार हळू. चालताना सुटणारे डोळ्यांना न दिसणारे कण शरीराच्या पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून जी दाहक रसायनं सुटतात, त्यांनी आजूबाजूचं हाड विरू लागतं. खिळा शाबूत, पण भिंतच भुसभुशीत झाली, अशी ती अवस्था. १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकिरण देऊन घट्ट केलेलं पॉलिइथिलीन आलं आणि ही झीज बरीच आटोक्यात आली.

हे सगळं कळलं ते पेशंटांचा पाठपुरावा ठेवल्यामुळे. चार्नली पेशंटांना वर्षानुवर्षं तपासणीला बोलवत, मृत्यूनंतर खुबा काढून अभ्यासायची परवानगीही मागत, आणि अनेकांनी ती दिली. सुरुवातीला तर राइटिंग्टनला येऊन शिकलेल्या सर्जनलाच त्यांचा सांधा विकत मिळे. पुढे स्वीडनने १९७९ मध्ये देशभराची नोंदवही सुरू केली. अशाच नोंदींवरून २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अंदाज आला: शंभरातले सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकतात.

नोंदी नसल्या की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. धातूच्या वाटीत धातूचाच मोठा गोळा असलेला डीप्यू कंपनीचा एएसआर खुबा आधी ऑस्ट्रेलियातल्या नोंदवहीत संशयास्पद ठरला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं. भारतात तो सुमारे ४,७०० वेळा बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार नोंदवली, केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली, भरपाईची सूत्रं ठरली. पण बहुतेक पेशंटांचा पत्ताच लागेना.

आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ती सक्तीची व्हायला हवी. कारण आपल्याकडे मांडीच्या हाडाच्या मूळ गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तिशी-चाळिशीतच खुबा बदलावा लागणारे पेशंट पुष्कळ आहेत आणि त्यांना या सांध्यावर आणखी तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. नोंदवही सक्तीची होईपर्यंत निदान एवढं करता येईल: सांध्याच्या खोक्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर छापलेली स्टिकरं असतात. त्यातलं एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.