लोणारचं सांडपाणी

लोणारवरचं लिखाण मी कॉलेजात होतो तेव्हापासून गोळा करतो आहे. उल्का कशी पडली, विवर किती रुंद, पाणी खारं का, हे या अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. या सगळ्या कागदांत मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते काठावरच्या गावाच्या गटारांनी. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेची नाली कोणत्या बाजूला उतरते, यावर जगातल्या एका दुर्मीळ सरोवराचं बरंवाईट अवलंबून आहे, हे कळल्यावर मला उल्केपेक्षा नालीचाच नाद लागला.

सुरुवात अबुल फझलपासून करावी लागते. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारातलं लोणार येतं. ब्राह्मण याला विष्णुगया मानतात, पाणी खारट आहे पण काही ठिकाणी गोड लागतं, काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, अशी नोंद आहे. टेकडीवरच्या झऱ्याचा आणि त्याच्या तोंडाशी कोरलेल्या बैलाचाही उल्लेख आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनी नजरेने दोन गोष्टी नेमक्या टिपल्या: इथला खार हा पैसा आहे, आणि इथं खारं व गोडं पाणी शेजारी शेजारी नांदतं. आजही सरोवराच्या काठाशी सासू-सुनेची विहीर दाखवतात. तिच्या एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारट. पाणी ओसरलं की विहीर उघडी पडते, चढलं की बुडते.

पुढची तीनशे वर्षं भरभर उलटता येतात. १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथं येऊन गेला. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाला ॲरिझोनातलं विवर आणि लोणार यांच्यातलं साम्य दिसलं. ज्वालामुखी की उल्का हा वाद मात्र १९७३ पर्यंत चालला. त्या वर्षी ‘सायन्स’मधल्या लेखात आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच इथल्या खडकात सापडल्याचं जाहीर झालं आणि वाद मिटला. वयाचा प्रश्न आणखी पुढे गेला. आधी सुमारे ५२ हजार वर्षं धरत, २०१० च्या सुमारास झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते ५ लाख ७० हजारांच्या घरात नेलं.

माझ्या दृष्टीने याहून मोलाचा कागद १९१२ चा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी या दोघांनी लोणारवर लिहिलेला तो निबंध. विवर कसं झालं याबाबत त्यांचं अनुमान चुकलं, पण पाण्याच्या रसायनात त्यांनी घातलेलं लक्ष वाया गेलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांचा खार इथं गोळा करत. हा खार आला कुठून, याचं उत्तर विवराच्या आकारातच आहे. झरे आणि पाऊस पाणी आणतात. बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, त्यात विरघळलेलं सगळं मागे ठेवतं. हजारो वर्षं हेच चाललं आणि पाण्याचा सामू दहाच्या आसपास जाऊन बसला. स्थानिक वाटाडे हळद लावलेला कागद या पाण्यात बुडवून दाखवतात, तो लगेच लाल होतो. एरवी इथल्या पाण्यात मासा टिकत नाही, पण स्पिरुलिनासारखे जीव फोफावतात, म्हणून पाणी हिरवंगार दिसतं.

म्हणजे जे आत गेलं ते आतच राहतं. नदीकाठचं गाव आपली घाण पुढच्या गावाकडे ढकलून मोकळं होतं. तेही वाईटच, पण पुराबरोबर ती घाण निघून तरी जाते. लोणारला ती सोय नाही.

आता गावाची ठेवण बघा. लोणार वसलं आहे विवराच्या ईशान्य कडेला, आणि विवराचा काठ नेमका त्याच बाजूला फुटलेला आहे. तिथली घळ वरून थेट सरोवरात उतरते. घळीच्या तोंडाशी धार: गोमुखातून बारमाही पडणारं पाणी, भोवती जुनी मंदिरं, दगडी पायऱ्या. भाविक इथं अंघोळ करतात. पूर्वापार कपडेही इथंच धुतले जात. बारा बलुत्यांच्या काळात त्याने काही बिघडत नव्हतं. डिटर्जंटची पुडी आल्यावर हिशेब बदलला. साबणातला फॉस्फेट, गावातल्या नाल्यांमधलं नायट्रोजन, विवराच्या आतल्या उतारावर होणाऱ्या केळी-पपईच्या शेतीतलं खत, सगळं एकाच घळीच्या आणि उताराच्या वाटेने खाली जायला लागलं.

ही धोक्याची घंटा कुणी वाजवली नव्हती असं नाही. १९९३ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या बडवे, कुमारन आणि राजशेखर या तिघांनी ‘करंट सायन्स’मध्ये लोणारच्या सुपोषणावर लेख छापला. पाण्यात पोषकद्रव्यं वाढून शेवाळ माजणं आणि तळाकडचा प्राणवायू संपत जाणं, याला सुपोषण म्हणतात. लेख अवघ्या पाच पानांचा. माझ्या संग्रहातला तो सर्वांत महत्त्वाचा कागद आहे असं मी ठामपणे म्हणेन. लोणारवर पुस्तकं निघाली, माहितीपट निघाले, पर्यटनाच्या घोषणा झाल्या, आणि ही पाच पानं तज्ज्ञांच्या संदर्भसूचीतच राहिली. त्यावर पालिकेच्या सभागृहात चर्चा व्हायला हवी होती.

चर्चा झाली ती न्यायालयात. २००९ मध्ये लोणारच्या संवर्धनासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली आणि वर्षानुवर्षं चालली. सांडपाणी, धारेवरची धुणीभांडी, आतली शेती, वेडी बाभूळ, अतिक्रमणं, एकेक मुद्दा न्यायमूर्तींसमोर येत गेला. नागपूरच्या नीरी संस्थेचं मार्गदर्शन घेतलं गेलं, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि सगळं जग लोणारकडे वळलं. पाऊस कमी, पाणी आटलेलं, क्षार दाटलेले, म्हणून हॅलोआर्किया हे खारप्रेमी सूक्ष्मजीव वाढले, असा निष्कर्ष आघारकर संस्थेच्या तपासणीतून निघाला. सत्तावीस वर्षांपूर्वी इशारा देणारी संस्था तीच. त्याच नोव्हेंबरात लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतरचं हे दुसरं स्थळ. २०२२ मध्ये राज्य सरकारने सुमारे ३७० कोटींच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली.

यात नगरपरिषद कुठे आहे? मंदिरं पुरातत्त्व खात्याची, विवर वन खात्याचं, कारण २००० सालापासून ते अभयारण्य आहे. निधी मंत्रालयातून, देखरेख अमरावतीहून. पालिकेकडे उरलं ते गाव: २०११ च्या जनगणनेनुसार तेवीस-चोवीस हजार माणसं, त्यांची न्हाणीघरं, त्यांचे संडास, त्यांच्या नाल्या. सरोवराला जे खरोखर बाधतं ते सगळं पालिकेच्याच हद्दीत आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ चं कलम ४९ काढून बघावं. नाल्या आणि मलनिस्सारण बांधणं व सांभाळणं हे तिथं बंधनकारक कर्तव्यांत येतं. बागा आणि संग्रहालयं ऐच्छिक कर्तव्यांत. कायदा करणाऱ्यांनी क्रम बरोबर लावला होता. आपल्याकडच्या आराखड्यांत मात्र प्रवेशद्वारं, रस्ते, पर्यटकांच्या सोयी आधी रंगवल्या जातात, कारण त्यांचं उद्घाटन होतं. भुयारी गटारीची फीत कापायला कोण येणार?

इथं लोणारचा प्रश्न इतर गावांपेक्षा वेगळा होतो, आणि हे मला फार उशिरापर्यंत कुणाच्याही लेखात स्वच्छ मांडलेलं दिसलं नाही. चिखली किंवा मेहकरला सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडलं तर काम झालं. लोणारला शुद्ध केलेलं पाणीही आत सोडून चालत नाही. जादा गोडं पाणी या सरोवराच्या लेखी परकंच. त्याने खारेपणा पातळ होतो, सामू खाली येतो, आणि ज्या जीवसृष्टीसाठी हा आटापिटा ती सृष्टीच आपलं घर गमावते. पाणी आटलं तर गुलाबी होतं हे २०२० ने दाखवलं. त्यानंतर उलटं झालं: पातळी चढत गेली, काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी आलं, आणि सरोवरात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. पावसाचा, भूजलाचा वाटा त्यात असणारच. तो वेगळा काढायचा तर गावातून किती लिटर पाणी आत जातं हे आधी मोजलेलं असायला हवं, आणि ते मोजण्याची जागा घळीच्या तोंडाशी आहे.

म्हणून पालिकेच्या सभेत ठराव यावा तो असा, असं मला वाटतं. घळीकडे उतरणारी प्रत्येक नाली नकाशावर दाखवायची आणि अडवायची. सांडपाणी पंपाने विवराच्या बाहेरच्या उतारावर न्यायचं, तिथं शुद्ध करायचं आणि बाहेरच्याच शेतांना द्यायचं. घळीच्या तोंडाशी मापनयंत्र बसवून त्याचे आकडे दर महिन्याला पालिकेच्या फलकावर लावायचे. पाणी उताराच्या उलट चढवायचं म्हणजे पंप रात्रंदिवस चालणार. भारनियमनात जनरेटर लागणार, पंपावर पाळीने माणूस लागणार, आणि विजेचं बिल दर महिन्याला येणार. प्रकल्प उभारायला अनुदान मिळतं, बिल भरायला मिळत नाही. एवढ्याशा पालिकेच्या घरपट्टीतून ते निघणार नाही. ३७० कोटींच्या आराखड्यात त्या पंपाच्या पुढच्या वीस वर्षांच्या विजेची तरतूद आधी करा, मग बाकीच्या निविदा काढा.