तांबरमहून एस्टोनियात कंपनी

चेन्नईजवळच्या तांबरममध्ये मेप्झ हे निर्यातक्षेत्र १९८४ पासून आहे. आता तिथल्याच एखाद्या फ्लॅटमधून सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही युरोपात कंपनी काढता येते, ती एस्टोनियात.

डिसेंबर २०१४ मध्ये त्या देशाने परदेशी नागरिकांना 'ई-रेसिडेन्सी', म्हणजे कार्डावरची सरकारी डिजिटल ओळख, खुली केली. अर्ज ऑनलाइन होतो, छाननी तिथले पोलीस खाते करते. कार्ड मात्र टपालाने घरी येत नाही. बोटांचे ठसे देऊन ते स्वतः घ्यावे लागते, उदाहरणार्थ नवी दिल्लीतल्या एस्टोनियन दूतावासातून. मग कार्ड रीडरला लावायचे, पिन टाकायचा आणि कंपनीच्या नोंदणीवर डिजिटल सही करायची. पूर्वी किमान भांडवल २,५०० युरो होते. फेब्रुवारी २०२३ पासून ती अट गेली. कंपनीला एस्टोनियातला पत्ता मात्र हवाच.

या कार्डावर व्हिसा मिळत नाही, नागरिकत्वही नाही.

खरी मेख इकडे भारतात आहे. भांडवल पाठवण्याआधी बँकेमार्फत 'फॉर्म एफसी' भरून रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. व्यक्तीला वर्षाकाठी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. शिवाय भारतात राहणाऱ्याला तिथला लाभांश इथल्या प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावाच लागतो.